पेव हलवताना

रात्री दीडला मार्केट यार्डात हळदीचा वास
दिवसापेक्षा दाट असतो.
सर्व्हरच्या पंख्यालाही चिकटलेला,
झाकण उघडलं की पिवळी धूळ.

आज बिन हलवायचं ठरवलंय.
स्लॅश बिन.
मूळ शब्द बाइनरीचा, पण मी मनात
आपलाच अर्थ घेतो: ज्याच्याबिन चालत नाही ते.
फाइली दाखवणारा, नक्कल करणारा, नाव बदलणारा,
यंत्र जागं होताना पहिली हाक ज्यांना जाते
ते सगळे गडी इथं.
पलीकडे यूएसआरच्या पोटात आणखी एक बिन,
तिथले उशिरा उठले तरी चालायचं.
आणि एसबिन निराळं,
ज्यांच्या कमरेला किल्ल्या त्यांचं.

का असं, हे मी मगदूम सरांना विचारलं होतं
नोकरीच्या पहिल्या आठवड्यात.
म्हणाले, "शास्त्र नाही रे. डिस्क भरली."
फार पूर्वी, आजच्या एका फोटोएवढी डिस्क भरली,
उरलेले प्रोग्रॅम शेजारच्या डिस्कवर टाकले,
जिथं माणसांची घरं होती.
घरं पुढे उठून गेली, नाव राहिलं.
कारणं नंतर शिकलेल्यांनी शोधली.

मला लगेच पटलं.
आमचे आण्णा हरिपुरात पेवं भरायचे.
तोंड अरुंद, पोट घागरीचं, वर माती.
एक भरलं की उरलेली हळद पुढच्यात,
आणि वहीत खूण: निम्मा माल कोपऱ्यावर.
दहा वर्षांनी कुणी विचारलं, निम्मा तिकडं का,
तर जाणकार सांगायचे, तिकडची माती कोरडी.
आण्णा नुसते हसायचे.
पुराचं पाणी शिरलं त्या साली
कोरडी आणि ओली, दोन्ही बसली.

पेव उघडलं की लगेच उतरायचं नसतं.
दोरीनं कंदील सोडायचा,
वात तगली तर माणूस.
मीही बॅकअप पुन्हा एकदा उघडून पाहिला.
तगला.

नक्कल करताना सरांच्या खुणा निघाल्या:
"काटा-नवा", "काटा-नवा-खरा",
आणि एक नुसतंच "बघू".
"बघू" चालवून पाहायची हिंमत झाली नाही.
तसंच उचललं.

मग जुनं बिन बाजूला सारलं
आणि दुव्याच्या ओळीत बोटं अडखळली.
मिनिटभर असेल.
त्या मिनिटात खाली वजनकाट्यावर
वसमतचा ट्रक चढला.
पावतीच्या स्क्रिप्टची पहिली ओळ
स्लॅश बिन स्लॅश एसएच.
तिनं हात घातला, तिथं काही नाही.

इलाही तांबोळींचा फोन:
"सायेब, काटा दिसतोय, पावती येईना.
डायवर खाली उतरलाय, तोंड सुटलंय त्याचं."

ओळ नीट टंकली. एंटर.
जुन्या जागी आता बिन नाही,
बिनचा पत्ता तेवढा आहे.
विचारणाऱ्याला कळतही नाही
आपण दुसऱ्याच दारानं आत आलो.

खालून प्रिंटर कुरकुरला.

जिना उतरलो तर इलाहीभाई चहा ओतत होते.
"काय केलासा एवढ्या रात्री?"
"दोन खोल्यांतलं सामान एकीत घेतलं."
"आन् रिकामी खोली?"
"खोली नाही. नुसती पाटी."
त्यांनी पावतीची नक्कल कंदिलागत उंच धरली.
वजन बरोबर, तारीख बरोबर.
माथ्यावर पत्ता मात्र हरिपूर रस्ता,
संघाचं ऑफिस यार्डात येऊन अकरा वर्षं झाली.

"ह्ये बी बदलायचं का?"
ट्रक काट्यावरून उतरत होता, पाटे कण्हत.
म्हटलं, राहू द्या.
टपाल अजून बरोबर येतंय.